स्टोव्ह गळतोय

भिका मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी आली की तो आधी बॉनेट उघडत नसे. मालकाकडे वळून म्हणे, "आवाज कसा येतो, तोंडाने काढून दाखवा." सिल्वासाहून मसाटला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला भलेभले शर्ट खोचलेले साहेब उभे राहून खडखड, घुरघुर, फुसफुस करत, आणि समोरचा पानवाला हसून हसून बेजार होई. भिका हसत नसे. डोळे मिटून ऐकून घेई. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवी, मूठ कानामागच्या हाडाला लावी, आणि जे काय सांगी ते बहुतेक खरं निघे.

बहुतेक. कारण गाडीचं दुखणं नुसतं आवाजात नसतं. ते वासातही असतं, आणि भिकाला वास येत नव्हता.

ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको तानूबाई.

दोघं पारोळ्याकडची. ब्याऐंशी साली गावच्या कुणाच्या तरी ओळखीने सिल्वासाला आली. भिकाला गाड्यांचं काम येत होतं, धुळ्याला एका गॅरेजात तो शिकला होता. पण इथे आल्या आल्या मिळालं ते केमिकलच्या कारखान्यात ड्रम धुण्याचं काम. चार वर्षं त्याने ड्रम धुतले. पहिल्या वर्षी नाक चुरचुरायचं. दुसऱ्या वर्षी मधूनमधून रक्त यायचं. मग चुरचुरणंही थांबलं आणि रक्तही. भिकाला वाटलं, अंगवळणी पडलं.

तानूबाईला खरं काय ते एका संध्याकाळी कळलं. ती पाणी भरायला गेली होती. परत आली तर घरभर करपट वास कोंडलेला, चुलीवरच्या डाळीचा तळाशी कोळसा झालेला, आणि भिका तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसून लहानग्या लेकीला, दुर्गाला, खेळवत होता. "डाळ जळाली ना," ती म्हणाली. भिकाने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "हा," तो म्हणाला, "आत्ताच वास आला." तो खोटं बोलतोय हे तिला कळलं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं. पुढच्या महिन्यात त्याने काम सोडलं, चार बांबूंवर पत्रे टाकून गॅरेज उघडलं आणि मागे एक खोली काढली.

बायकोला वास येतो आणि मिस्त्रीला येत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं नव्हतं. एकदा सुरुवातीला एका जीपजवळ तानूबाई सरळ बोलून गेली होती, "वायर जळतेय बघा." जीपवाला भिकाकडे बघून म्हणाला होता, "काय मिस्त्री, आता गाडी घरवाली बघते काय? मग तू भाकरी थाप." त्या दिवसापासून तिने गॅरेजात गाडीचं नाव काढायचं सोडलं. पाण्याचा तांब्या घेऊन यायची, तो देता देता गाडीजवळ वाकायची, आणि घरातलं काहीतरी बोलून परत जायची. "डाळ करपली वाटतं," म्हणजे क्लच प्लेट घासून तापली. "फोडणी जास्त झाली," म्हणजे ऑइल गळून तापल्या सायलेन्सरवर पडतंय. अंडी नासली म्हटलं की बॅटरी बघायची. केस जळाल्यासारखा वास आला तर ती वेणीवरून हात फिरवायची, वायरिंग समजायचं. आणि कच्च्या पेट्रोलचा वास आला की म्हणायची, "स्टोव्ह गळतोय." भिका "हा, हा, बघतो" म्हणायचा आणि गिऱ्हाईक मनात म्हणायचं, या बाईला कामाच्या वेळी घरचं रडगाणं बरं सुचतं.

अशी सहा वर्षं गेली. भिका आतून मात्र धास्तावलेला असायचा. तानूबाई चार दिवस गावी गेली तरी तो गॅरेजला सुट्टी द्यायचा आणि सांगायचा, पाठ धरलीय. "नाक गेलं हे कळलं, तर उरलंसुरलं नाकही जाईल," असं तो एकदा तिला म्हणाला होता. म्हणताना हसला होता, पण हसू काही ओठांच्या वर चढलं नव्हतं.

ब्याण्णवच्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी अविनाश साहेबांची गाडी आली. साहेब पुण्याचे, मसाटच्या एका रंग आणि थिनरच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. माणूस सरळ होता. रोज सकाळी सगळ्या शेडमधून स्वतः चक्कर मारायचा, पाइपांचे जोड, ड्रमची तोंडं बघायचा. तिथे खानदेशातली चाळीसेक माणसं कामाला होती. ती म्हणायची, साहेब येऊन गेला की आपण निवांत, गळती असली तर वासावरून त्याला पहिली कळते. सोमवारपासून कारखान्याच्या चारही गाड्या भिकाकडे पाठवायच्या, असं साहेब बोलले होते. म्हणून भिका त्या सकाळी धुतलेला शर्ट घालून उभा होता.

साहेबांबरोबर त्यांची बायको सुजाता आणि आठ वर्षांची मुलगी तन्वी होती.

"आवाज कसा येतो ताई?" भिकाने विचारलं.

सुजाता ओशाळली. "आता कसं सांगू... टकटक येतो. गाडी तापली की जास्त."

"काढून दाखवा."

"मी?" ती साहेबांकडे बघायला लागली.

तन्वीने मात्र दोन्ही गाल आत ओढले आणि जीभ टाळ्याला लावून टिक-टिक-टिक-टिक असा बारीक, भराभर आवाज काढला. "आमच्या आजीचं शिलाई मशीन आहे ना, तसा."

"शाबास," भिका म्हणाला. "ही शाळा शिकून वाया जाईल साहेब, माझ्याकडे पाठवा. इंजिनातले टॅपेट ढिले झालेत."

"आणि वास पण येतो," सुजाता म्हणाली. "पेट्रोलचा. महिना झाला सांगतेय."

"तो माझ्या कपड्यांचा गं," साहेब म्हणाले. "दिवसभर थिनरमध्ये असतो मी. हिला मिस्त्री, जिकडेतिकडे वास येतात. इंजिन अगदी तब्येतीत आहे. थेंबभर ऑइल खात नाही. उलट मागच्या महिन्यापेक्षा पट्टीवर वरच दिसतं."

भिकाने ऑइलची पट्टी काढली, फडक्याने पुसली, बुडवून पुन्हा काढली. ऑइल खुणेच्या बोटभर वर होतं. बोटांत चोळलं तर पातळ लागलं. इंजिन आत्ताच बंद केलंय, गरम आहे म्हणून पातळ, असं त्याने धरलं. आणि वर चढलंय ते साहेबांनी कधीतरी जास्तीचं ओतलं असेल. फडकं त्याने खाली टाकलं आणि तो टॅपेट उघडायला बसला.

तानूबाई तांब्या घेऊन आली. खाली पडलेलं फडकं सवयीने उचललं, आणि उचलता उचलता थबकली. रॉकेलचा वास जिभेवर येऊन बसतो. हा तसा नव्हता. हा सुई टोचल्यासारखा नाकात वर चढला. ऑइलच्या फडक्याला पेट्रोलचा वास कशाला हवा? तिने इंजिनाशी वाकून पाणी पुढे केलं आणि बेतानेच म्हणाली, "स्टोव्ह गळतोय बरं."

"गळू दे," भिका मान वर न करता म्हणाला. "उद्या वायसर टाकतो."

तानूबाईला बरं वाटलं. म्हणजे त्याला कळलं. वायसरचं काम आहे, गाडी उद्या पुन्हा येणार आहे. फडकं घेऊन ती मागे गेली आणि धुण्याची बादली घेऊन नळावर निघून गेली. परत आली तेव्हा गाडी गेलेली होती.

दुपारी जेवायला बसल्यावर तिने विचारलं, "उद्या किती वाजता आणणार साहेब गाडी?"

"उद्या कशाला? साहेब आज तीनला नाशिकले निघणार. त्या बाईच्या बहिणीचा साखरपुडा आहे."

"मग वायसर?"

"आणतो ना. तुझ्या स्टोव्हपुरतं माले मसाटले जाऊ दे, की आत्ताच उठू?"

तानूबाईच्या हातातला घास तसाच राहिला. परवापासून घरातला स्टोव्ह खरोखरच गळत होता. काल तिने दोनदा सांगितलं होतं. ती तेच सांगायला पुन्हा आली असं तो समजला होता.

"मी आपल्या स्टोव्हचं नव्हते सांगत," ती म्हणाली. "गाडीचं सांगत होते."

भिका तिच्याकडे बघत राहिला. "गाडीत कुठे वास?"

तिने मोरीजवळून फडकं आणून त्याच्यासमोर ठेवलं. "यात. तुम्ही पट्टी पुसली त्यात."

त्याने फडकं नाकाशी नेलं नाही. नेऊन उपयोगही नव्हता. नुसता त्याकडे बघत बसला, आणि तानूबाईला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत गेलं की एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात जागेवर बसतेय. पातळ ऑइल. वर चढलेलं ऑइल. तापल्यावर वाढणारी टकटक.

"पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा फाटला," तो हळू म्हणाला. "पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. म्हणून ऑइल वाढतंय. ते ऑइल राहिलंच नई, पाणी झालंय त्याचं. टकटक त्याचीच होती. मी टॅपेट घट्ट करून आवाज दाबला."

"मग काय होईल?"

"बेअरिंग कोरडे पडतील. घाटात इंजिन धरेल, चाकं जाम होतील. नई तर पेट्रोलची वाफ साचेल आणि..." तो थांबला. "खानवेलपर्यंत काही होत नई."

"खानवेलनंतर?"

खानवेलनंतर जव्हार, मोखाडा, त्र्यंबक. सगळा घाट.

"दोन वाजत आले," तानूबाई म्हणाली. "उठा. आमलीच्या कॉलनीत राहतात ते. सांगून या."

"काय सांगू? सकाळी तुमचं ऑइल बोटात धरलं होतं आणि माले कळलं नई?"

"सांगा, चूक झाली."

"चूक म्हटलं की साहेब विचारेल, पेट्रोलचा वास कसा आला नई? त्याची बायको बोलली होती तोंडावर. ऑइलमधलं पेट्रोल कुणाले कळत नई, सांग. शिकाऊ माणसाले कळतं." त्याने ताट बाजूला सारलं. "सोमवारपासून चार गाड्या येणार होत्या. आणि चार राहू दे, एकदा का कळलं की या रस्त्यावर सायकल बी कोणी देणार नई पंक्चर काढायले."

"त्या गाडीत पोरगी आहे."

"माले माहीत आहे कोण आहे ते."

तो उठला, बाहेर जाऊन गॅरेजातल्या बाकावर बसला. पाना उचलला, खाली ठेवला. तानूबाईने थोडा वेळ वाट पाहिली. त्याचा स्वभाव तिला ठाऊक होता. उशिरा का होईना, तो उठला असता. पण तीन वाजायच्या आत उठला असता याची खात्री तिला नव्हती. तिने फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, चप्पल अडकवली आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली.

"तानू," तो मागून म्हणाला. "गेलीस तर सगळं सांगावं लागेल तुले."

"हो," ती म्हणाली. "लागेल."

शिफ्ट सुटलेल्या माणसांचा टेम्पो आला, त्यात ती चढली. वाटेत ती शब्द जुळवत होती. काहीतरी दुसरं कारण सांगता येईल का, भिकाचं नाव न घेता, नाकाचं नाव न घेता. कोणतंही कारण तिसऱ्या प्रश्नाला टिकत नव्हतं.

कॉलनीत शिरली तेव्हा साहेब टपावर बॅगा बांधत होते. तन्वी आणि तिचा धाकटा भाऊ निखिल मागच्या सीटवर जाऊन बसले होते. सुजाता दाराला कुलूप लावत होती.

"काय हो बाई?" साहेब म्हणाले. "पाना-बिना राहिला का मिस्त्रींचा?"

"साहेब, गाडी नका काढू. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय. पंपाचा पडदा फाटला."

साहेब दोरीची गाठ मारता मारता हसले. "मिस्त्रींनी पाठवलं?"

"नाही. मी आले."

"मग पडदा फाटल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वास आला मला. फडक्याला."

"अहो, सकाळी मिस्त्रींनी स्वतः पट्टी बघितली. दोन तास इंजिनात डोकं घालून बसले होते. त्यांना नाही आला, आणि तुम्हाला फडक्यावरून आला?"

हाच तो तिसरा प्रश्न. तानूबाईने पदर सारखा केला.

"त्यांना वास येत नाही साहेब. सात वर्षं झाली. ड्रम धुवायला होते, तिथे गेलं. गॅरेजातले वास मी घेते आणि त्यांना सांगते. आज माझं सांगणं त्यांना उलटं कळलं."

साहेबांचे हात थांबले. सुजाता कुलपात किल्ली तशीच ठेवून जवळ आली.

"म्हणजे इतकी वर्षं," साहेब म्हणाले, "लोकांच्या गाड्या नाक नसलेला माणूस तपासतोय? आणि मी त्याला कंपनीच्या गाड्या द्यायला निघालो होतो?"

"हो साहेब," तानूबाई म्हणाली. "ते नंतर बोला. आधी पट्टी काढा."

चिडून त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी ओढून काढली आणि नाकाशी धरली. "हे बघा. ऑइलचा वास. दुसरं काही नाही. उगाच लोकांना..." आणि त्यांनी पट्टी सुजातापुढे केली.

सुजाताने झटकन मान मागे घेतली. "अहो, पेट्रोल आहे हे. नुसतं पेट्रोल."

"काहीतरी काय."

"बाबा, मला इथूनसुद्धा येतोय," खिडकीतून तन्वी म्हणाली.

साहेबांनी पट्टी पुन्हा नाकाशी नेली. या खेपेला जोरात श्वास ओढला. त्यांनी सुजाताकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग पुन्हा सुजाताकडे. "हो," ते म्हणाले. "आता येतोय थोडा."

वास आलेला माणूस नाक मुरडतो. वास न आलेला माणूस आधी दुसऱ्याचं तोंड बघतो. हे डोळे तिने चुलीपाशी बघितले होते.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "किती दिवस झाले?"

"कशाला किती दिवस? सर्दी आहे मला."

"सर्दी कुठेय तुम्हाला?" सुजाता म्हणाली. ती नवऱ्याकडे आज पहिल्यांदाच बघावं तशी बघत होती. "दिवाळीच्या आधी गॅस चालू राहिला होता. मी बाजारातून आले तर जिन्यातच वास येत होता, आणि तुम्ही ओट्याशेजारी पेपर वाचत बसला होतात. मला म्हणालात, लक्ष नव्हतं."

साहेब पट्टी हातात धरून गाडीला टेकून उभे राहिले. सुजाता घरात गेली आणि हिंगाची डबी घेऊन आली. झाकण काढून तिने डबी त्यांच्या नाकाखाली धरली. तानूबाई चार पावलांवर होती, तरी तिला हिंग झोंबला. साहेबांनी नाक मुरडलं नाही. डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेले ठेवले.

तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली. भिका होता. हॅंडलला पिशवी, पिशवीत पाने, ऑइलचा डबा, कुठल्यातरी जुन्या पंपातून काढलेला चांगला पडदा. सायकल मारून त्याला धाप लागली होती. तानूबाईकडे त्याने पाहिलं नाही.

"साहेब, गाडी हलवू नका. चूक माझी आहे. आत्ता करून देतो, पण आज घाट चढू नका. मुलांना एस.टी.ने न्या." मग एका दमात म्हणाला, "हिने सांगितलं असेलच."

"सांगितलं," साहेब म्हणाले. त्यांचा राग कुठेच उरला नव्हता.

भिका बॉनेटखाली वाकला. सुजाताने मुलांना खाली उतरवलं, बॅगा आत नेल्या. अर्ध्या तासाने पंप सुटून बाहेर आला. पडदा मधोमध उभा चिरला होता. साहेब इतका वेळ पायरीवर बसून होते. ते उठून जवळ आले, मागे घराकडे एकदा पाहून घेतलं आणि खालच्या आवाजात बोलले.

"मिस्त्री, तुमच्या नाकाचं मी कुणाला सांगणार नाही. सोमवारी गाड्या येतील, ठरल्याप्रमाणे. तुम्ही दोघांनीही हे इथेच ठेवा. माझं. कंपनीत कळलं तर मला तिथे ठेवणार नाहीत. सकाळची चक्कर हेच माझं काम आहे."

तानूबाईने भिकाकडे पाहिलं. सहा वर्षं तो ज्याला भ्यायला होता ते सगळं या एका वाक्याने मिटत होतं. नुसतं "बरं साहेब" म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तिलाही रुखरुख लागली असती आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं असतं, दोन्ही. उत्तर तिने त्याच्यावर सोडलं. आज ती त्याच्या वतीने पुष्कळ बोलली होती.

भिका चिरलेला पडदा बोटांत फिरवत होता.

"साहेब," तो म्हणाला, "माझं सहा वर्षं झाकलं गेलं, कारण माझ्यामागे ही उभी असायची. तरी आज बघा काय झालं. एका शब्दाने घोळ झाला. तुमच्यामागे शेडमध्ये कोण उभं आहे?"

साहेबांची नजर त्या चिरलेल्या पडद्यावर गेली.

"आमच्याकडची चाळीस माणसं आहेत आत. थिनरचे ड्रम असतात. ती म्हणतात, साहेब फिरून गेला म्हणजे बिडी ओढली तरी चालेल. बाहेर जाऊन ओढतात, पण म्हणतात तसं." त्याने पडदा फरशीवर ठेवला. "गाड्या नका पाठवू. चालेल मला. पण सोमवारची चक्कर तुम्ही मारू नका."

सुजाता दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. ती आत गेली आणि टेलिफोन उचलून, वायर पुरेल तिथवर, दाराजवळच्या स्टुलावर आणून ठेवला.

साहेब आत गेले. भिका पुन्हा वाकला, नवा पडदा बसवायला लागला. तानूबाई पंपाचे स्क्रू ताटलीत एकेक वेगळे करून त्याच्या हातात देत होती. त्याने ते घेतले, पण अजून तिच्याकडे पाहिलं नव्हतं. सोमवारी गॅरेजात कुणी येईल का, हे दोघांनाही माहीत नव्हतं. पानवाल्याला कळायला फार तर दोन दिवस लागतील.

आतून टेलिफोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला. तेव्हा सिल्वासाचे नंबर चारच आकडी असायचे. भिकाचा पाना थांबला. तो डोळे मिटून ऐकत होता. एकदा फिरली, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज.

"पुरा नई केला," भिका पुटपुटला.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. तानूबाईच्या तळहातावर एक स्क्रू तसाच राहिला होता आणि तो मागायचं भिकाला भान नव्हतं. मग तबकडी पुन्हा फिरली. एक, दोन, तीन. थांबली. आणि चौथ्यांदा सावकाश, शेवटच्या भोकातून, पुरी फिरून परत आली.

"हॅलो," साहेबांचा आवाज आला. "अविनाश बोलतोय. सोमवारच्या राउंडबद्दल एक सांगायचं होतं."

भिकाने हात पुढे केला. तानूबाईने स्क्रू त्याच्या हातावर ठेवला.